मिसर देशाचा बेत

सोलापूरच्या माणसाला प्रवासाचे वावडे नाही. परंतु त्याच्या प्रवासाला बहुधा एखादे दैवत लागते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, कोजागरीला पायी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, सवड सापडली तर गाणगापूर आणि आयुष्यात एकदा काशी-रामेश्वर, असा त्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेला आहे. मुलगा परदेशी असला तर त्याच्याकडे जाणे त्याला समजते, यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी कोणी जर्मनीस गेला तर तेही समजते. पण जेथे आपले दैवत नाही, नातलग नाही आणि घेणे-देणेही नाही, अशा वाळवंटी मुलखात, सत्तरी आल्यावर, पदरचे पैसे खर्चून, केवळ चार-पाच हजार वर्षांपूर्वीचे दगड पाहावयास जायचे म्हटले, तर घरच्या माणसांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. आणि ते करावे लागते हे मला योग्यच वाटते. अण्णा हे माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक. दाजी हे त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, पाटबंधाऱ्याच्या कामावर कारकुनीपासून चढत जाऊन निवृत्त झालेले. येत्या थंडीत दोन्ही जोडप्यांनी मिळून इजिप्तला जावे असा अण्णांचा बेत, आणि दाजींचा त्याला विरोध. तो विरोध खर्चावरून नव्हता, प्रकृतीवरूनही नव्हता, म्हणूनच ऐकण्यासारखा होता. शेजारी या नात्याने मी दोघांचे बोलणे ऐकले. ते जितके स्मरले तितके येथे मांडतो.

अण्णा : दाजी, बेत असा आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तेथून थेट विमानाने कैरो. कैरोत गिझाचे पिरॅमिड, सक्काऱ्याचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड, तहरीर चौकातले जुने संग्रहालय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलेले नवे. नंतर रात्रीच्या गाडीने लक्सर. तेथे कर्णाकचे देवालय आणि पैलतीरावरील राजांची दरी. लक्सरहून बोटीने एडफू व कोम ओंबो करीत अस्वान, आणि शेवटी अबू सिंबल. मधे एक दिवस अलेक्झांड्रिया. लक्सरला पहाटे फुग्यातून आकाशात नेतात, तेही बायकामाणसांना आवडेल म्हणून धरले आहे. उन्हाळ्यात तिकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा जायचे ते थंडीतच.

दाजी : बेतात खोट काढावी असे काही नाही. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. आपल्या जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलचे देऊळ आहे. तेथील लेखावर शके ९४० चा काळ कोरलेला आहे. म्हणजे त्याला हजार वर्षे उलटून गेली. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो उजेडात आणला तो आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. शेजारीच तीनशे एकोणसाठ मुखे कोरलेले शिवलिंग. नळदुर्गला बोरी नदी अडवून तिच्या बांधाच्या पोटात महाल बांधलेला आहे. डोक्यावरून नदी कोसळते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. मी जन्मभर बांध आणि सांडवे पाहिले, पण तसले काम पुन्हा दृष्टीस पडले नाही. विजापूरचा घुमट आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. ममीच पाहायची असेल तर हैदराबादच्या संग्रहालयात आहे, बडोद्याला सयाजीरावांनी आणवलेली आहे. हे सारे ओलांडून माणूस समुद्रापलीकडे जातो, तेव्हा मला असे वाटते की त्याला जुन्याची ओढ नसून लांबच्याची ओढ आहे; कारण जुने तर उंबऱ्याशी पडले आहे, आणि तेथे रविवारी गेलात तर तुमच्याखेरीज पाचवा माणूस दिसत नाही.

अण्णा : या ठिकाणांची माझी रुजवात तुमच्यापुढे नव्याने करायला नको. कुडलला, नळदुर्गला मी दरवर्षी वर्ग घेऊन जात असे. पण दाजी, तुम्ही तेरचे नाव घेतले नाही, आणि माझा इजिप्तचा रस्ता तेरवरूनच निघतो.

(येथे अण्णांचा आवाज वर्गातला झाला. मी तो पूर्वी ऐकलेला आहे. त्या आवाजात ते बोलू लागले की मधे तोंड घालू नये.)

अण्णा : इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहून ठेवली. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, कोणत्या महिन्यात गलबत हाकारावे, सगळे रोकडे व्यवहाराचे. त्या वहीत दक्षिणेच्या बाजारपेठा म्हणून दोन नावे ठळकपणे येतात, एक पैठण आणि दुसरे तगर. तगर म्हणजे आपले तेर, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे. तो लिहितो की पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून साधे कापड, मलमल आणि इतर कापडाचे प्रकार गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून, भडोचला आणतात. भडोचहून ते कापड गलबतांत चढत असे, हिवाळी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस या बंदरांत उतरत असे, तेथून उंटांच्या पाठीवर वाळवंट तुडवून नाईलच्या काठी कॉप्टॉस गावी पोचत असे आणि मग नदीने अलेक्झांड्रियाला जात असे. ते कॉप्टॉस आजच्या लक्सरच्या थोडेसे उत्तरेला आहे. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी सुती कापडाचे तुकडे मिळाले, आपल्याकडचे सागवान मिळाले, आणि देवळाच्या आवारात पुरलेल्या एका हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी सापडली. ज्या मुलखात आपण सोलापुरी चादर विणतो, त्या मुलखाचे कापड दोन हजार वर्षांपूर्वी त्या नदीवरून गेले आहे. तेव्हा तेथे आपले घेणे-देणे नाही, हे मला मान्य नाही. ते फार जुने आहे आणि मधे खंडित झाले, इतकेच.

दाजी : व्यापाराची गोष्ट सुंदर आहे, आणि ती मला ठाऊक नव्हती. पण तुमच्या यादीत बेरेनिके नाही, कॉप्टॉस नाही. तुम्ही जाणार ते पिरॅमिडला. मला त्या वास्तूचे कधी कौतुक वाटले नाही, आणि ते का वाटले नाही हे मी कोणापुढे मोकळेपणी बोललोही नाही. एका माणसाच्या मृत देहासाठी तेवीस लक्ष शिळा रचायच्या, शेदीडशे मीटर उंचीचा डोंगर उभा करायचा, आणि तो ज्यांनी उभा केला त्यांतल्या एकाचेही नाव त्यावर नाही. मी मोठ्या बांधकामांवर नोकरी केली आहे. दगड वर कसा चढतो, चढताना कोणाचा पाय सापडतो आणि हजेरीपटावर त्याचा आकडा कसा बसवतात, हे मला माहीत आहे. त्या उंचीकडे पाहून लोक थक्क होतात. माझ्या मनात मात्र वेठीला धरलेली माणसे उभी राहतात.

अण्णा : ती माणसे उभी राहावीत म्हणूनच तुम्हाला बरोबर न्यायचे आहे. वेठ नव्हती असे मी म्हणणार नाही. गावोगावचे मजूर पाळीपाळीने आणले जात, आणि राजाच्या हुकमाला नाही म्हणण्याची सोय त्यांना नसावी. परंतु त्यांचा मागमूस राहिला नाही, ही समजूत आता टिकत नाही. १९९० पासून पिरॅमिडच्या पायथ्याजवळ त्या कारागिरांची थडगी सापडू लागली. त्यांच्या वस्तीत पाव भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या, गुराढोरांच्या हाडांचे ढीग निघाले, आणि काही सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट बसवून सांधलेली आढळली. कोणीतरी त्यांना खाऊ घालत होते आणि कोणीतरी त्यांची हाडे बसवत होते. आणि दाजी, याहून मोठी गोष्ट, जी ऐकून तुम्हालाच आनंद व्हावा. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल् जर्फ येथे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या चमूला पपायरसाचे कागद मिळाले. आजवर मिळालेल्या लिहिलेल्या पपायरसांत ते सर्वांत जुने. त्यांवर काय असावे? स्तोत्र नाही, राजाची बिरुदावली नाही. मेरेर नावाच्या एका नाईकाची रोजकीर्द आहे.

दाजी : रोजकीर्द?

अण्णा : अगदी तुमच्या दप्तरातल्यासारखी. हाताखाली चाळीसच्या आसपास माणसे, एक नाव, आणि काम असे की तुऱ्याच्या खाणीतून पांढरा चुनखडीचा दगड भरायचा आणि नदी-कालव्यांतून गिझाला नेऊन उतरवायचा. आज खाणीवर मुक्काम, आज दगड भरला, आज निघालो, रात्री अमुक ठिकाणी थांबलो, आज पोचलो. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. वरचा अधिकारी कोण, त्याचेही नाव आहे : अंखहाफ, राजाचा सावत्र भाऊ. ही नोंद खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळातली, म्हणजे तो थोरला पिरॅमिड होत असतानाची आहे. त्या कागदांबरोबर धान्य आणि भाकरी यांच्या आवक-वाटपाचे हिशेबही मिळाले. तांबड्या आणि काळ्या शाईने आखलेले तक्ते आहेत. ज्यांची नावे दगडावर नाहीत म्हणून तुम्ही खिन्न होता, त्यांच्या कामाची नोंद साडेचार हजार वर्षांनी एका कारकुनाच्या हातची सापडली.

दाजींनी यावर काही वेळ उत्तर दिले नाही. मला विचाराल तर अण्णांच्या सगळ्या युक्तिवादात हाच भाग खरा वजनदार होता. कारण पुराणवस्तूंची महती सांगणारे बहुतेक लोक आकाराची आणि वयाची महती सांगतात, आणि आकार व वय ही दोन्ही ऐकणाऱ्याला दूर ठेवणारी असतात. एखाद्या नाईकाने आज कोठे मुक्काम केला ते लिहून ठेवले आहे, हे कळले की ज्याने आयुष्यभर मोजणीची वही सांभाळली तो माणूस आपोआप जवळ येतो. अण्णांनी तेथेच न थांबता लक्सरकडे मोर्चा वळवला.

अण्णा : राजांच्या दरीच्या अलीकडे देर अल् मदीना नावाचे एक गाव उकरून काढले आहे. त्या दरीतली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहत. घरे दगड-विटांची, एकमेकांना लागून, मधून एकच बोळ. आपल्या गिरणगावातल्या चाळी ज्याने पाहिल्या त्याला ती रचना परकी वाटणार नाही. तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या बाराव्या शतकात, या कारागिरांचा धान्याचा शिधा थकला. महिन्याचे अठरा दिवस लोटले तरी धान्य आले नाही, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि एका देवळाच्या मागे जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने येथवर आलो, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. गावच्या लेखनिकाने हे सारे लिहून ठेवले. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगात नोंदला गेलेला हा पहिला संप मानतात. जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातले घड्याळ चालले, आणि संपाच्या दिवसांत वाण्याच्या उधारीवर ज्यांच्या चुली पेटल्या, त्या सोलापूरकरांनी त्या बोळातून एकदा चालून यावे असे मला मनापासून वाटते.

दाजी : त्या गावात मी येईन. हा भाग तुम्ही मला आधी सांगितला असता तर इतके बोलणे झालेच नसते. मात्र तुमच्या यादीतल्या शेवटच्या नावाला माझी हरकत कायम आहे.

अण्णा : अबू सिंबलला? अहो, ते तर माणसाने वाचवलेले देऊळ. अस्वानचे मोठे धरण होऊ लागले तेव्हा ते पाण्याखाली जाणार होते. युनेस्कोने जगाला साद घातली, अनेक देशांनी पैसा दिला, आणि १९६४ ते १९६८ या चार वर्षांत अखंड डोंगरात कोरलेले ते देऊळ शिळा-शिळांनी कापून पासष्ट मीटर वर आणि दोनशे मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले. वर्षातून दोन दिवस सूर्यकिरण गाभाऱ्यात शिरतात, तो योगसुद्धा राखला. त्या मोहिमेत आपलाही वाटा आहे. ब्रजवासी लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व खात्याचे पथक १९६१-६२ च्या सुमारास न्युबियात उत्खननास गेले होते.

दाजी : हे मला ठाऊक आहे, अण्णा. कापलेल्या शिळांची छायाचित्रे मी नोकरीत असताना पाहिली होती. आमच्याकडे ती मोठ्या अभिमानाने दाखवीत. आणि ती पाहून मी ज्या कामावर परत जात असे, ते काम उजनीचे होते.

(दाजी हे सांगताना खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांचे बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.)

दाजी : मी नोकरीस लागलो तेव्हा भिंत चढत होती. भीमेच्या काठची गावे उठवायची होती. घरांची मोजणी, झाडांची मोजणी, विहिरींची मोजणी, जमिनीची प्रत, खातेफोड. सगळ्यांचे तक्ते होते, आणि मी ते भरले. देवळासाठीही रकाना होता. दगडी बांधकाम, लांबी-रुंदी, किंमत. एका म्हातारीने मला विचारले की, बाबा, यात देवाची किंमत कोठे लिहिलीस? मी उत्तर दिले नाही. माझे वय तेव्हा बावीस-तेवीस असेल. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे देऊळ तुम्ही पाहिले आहे. यादवकालीन घाटाचे, कोरीव, शिखर अजून शाबूत. १९८० च्या सुमारास पाणी चढले आणि ते बुडाले. दुष्काळ पडला, जलाशय आटला, की ते वर येते. मग वर्तमानपत्रात छायाचित्र येते, लोक होडीतून आणि चिखलातून ते पाहायला जातात आणि पाऊस झाला की विसरतात. मी असे म्हणत नाही की धरण नको होते. त्या पाण्यावर आपला अर्धा जिल्हा उभा आहे, माझ्या भावाचा ऊस त्यावर आहे आणि आपण पितो ते पाणीही तेच. पण एका धरणावर पृथ्वीच्या पाठीवरचे एवढे देश धावून येतात आणि दुसऱ्या धरणावर कोणी फिरकत नाही, याचे कारण अबू सिंबलचे देऊळ थोर आणि पळसदेव लहान, इतकेच असेल काय?

अण्णा : इतकेच नसेल. पण जे एक वाचले त्याचा राग का?

दाजी : वाचले त्याचा राग नाही. जे वाचवले गेले नाही ते पुस्तकातून गळते, त्याचा आहे. तुम्ही देवळाची गोष्ट सांगितलीत, तीत देश आले, युनेस्को आली, सूर्यकिरण आले, पण न्युबी लोक आले नाहीत. त्या जलाशयात त्यांचा सबंध मुलूख गेला. एकट्या इजिप्तच्या बाजूची पन्नास हजारांच्या आसपास माणसे १९६३-६४ मध्ये उठवली आणि कोम ओंबोच्या परिसरात वसवली. नदीच्या काठचे लोक नदीपासून लांब नेऊन ठेवले. सूदानच्या बाजूचे त्याहूनही लांब गेले. देऊळ दोनशे मीटर सरकले. माणसे शेकडो किलोमीटर. तुमची बोट कोम ओंबोला थांबेल, मगरमुखी देवाचे देऊळ तुम्ही तासाभरात पाहाल, आणि थोड्याच अंतरावर ज्यांची गावे आहेत त्यांच्याकडे कोणी मान वळवणार नाही. ज्याने पुनर्वसनाचे तक्ते भरले त्या माणसाला तुम्ही तेथे नेणार आणि चार मूर्तींपुढे उभे करून छायाचित्र काढणार. ते माझ्याने होणार नाही.

या बोलण्याला अण्णांजवळ उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते आणण्याचा प्रयत्नही केला नाही. मी स्वतः या ठिकाणी दाजींच्या बाजूचा आहे. स्मारक पाहावयास जाणाऱ्याने त्या स्मारकासाठी आणि त्या स्मारकाच्या बचावासाठी कोणाकोणाला जागा सोडावी लागली, हे विचारण्याचा शिरस्ता आपल्याकडे पडलेला नाही. तो पडला असता तर भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्या गर्दीने पाण्याखालच्या गावांची नावे तरी विचारली असती. काही वेळाने अण्णा बोलले ते मात्र विचार करण्यासारखे होते.

अण्णा : अस्वानला १९९७ पासून न्युबियाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. ते मी यादीत घेतो. त्यासाठी अलेक्झांड्रिया काढून टाकतो. पण कोम ओंबोच्या गावांत जाण्याला माझे मन घेत नाही. आपल्या दुःखाची चौकशी करायला कोणी परदेशी माणूस गाडीतून उतरला, तर उजनीच्या काठचा माणूस त्याला काय म्हणेल? लोक काही प्रेक्षणीय स्थळ नव्हेत.

दाजी : तो विचार मीही केला. पण आपण गाडीतून उतरणारे साहेब नव्हे. त्यांना मी सांगेन की आमच्याकडेही धरण झाले, मी त्या कामावर होतो, आणि तुमच्याकडे मोबदला कसा ठरवला ते मला समजून घ्यायचे आहे. जमिनीला जमीन दिली की पैसे दिले, नव्या घरांना मोकळे अंगण सोडले की नाही, मृतांची स्मशाने कोठे राहिली. या प्रश्नांवर बोलायला आवडणार नाही असा विस्थापित मला नोकरीत भेटला नाही. बोलायला आवडत नसे ते आम्हाला.

अण्णा : भाषेचे काय?

दाजी : दुभाष्या घेऊ. तुमच्या फुग्याचे पैसे वाचतील, त्यात तो बसेल.

फुगा असा गेला. यानंतरचे बोलणे व्यवहाराचे होते आणि ते दोघांनी भराभर उरकले. व्हिसा मुंबईहून आधीच काढावा आणि त्या काळात रमजान येत नाही हे पाहून घ्यावे, कारण रमजानात वेळा बदलतात. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर हे सूर्यकिरणांचे दिवस टाळावेत, त्या दिवशी अबू सिंबलला रेटारेटी असते. जेवणाची अडचण पडू नये. तिकडे उकडलेल्या घेवड्यासारख्या बियांची उसळ आणि भाकरी हा गरिबाचा रोजचा आहार आहे, शिवाय तांदूळ, मसूर, हरभरे आणि टोमॅटोचे आंबट सार एकत्र करून देतात ते कोशारी शाकाहाऱ्याला पोटभर होते. तरीही कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी बरोबर घ्यावी, यावर दोघांचे आधीपासूनच एकमत होते. तुतनखामेनच्या थडग्यावरून मात्र पुन्हा खटका उडाला. १९२२ साली हॉवर्ड कार्टरने उघडलेले ते थडगे आत जाऊन पाहायचेच, असा अण्णांचा हट्ट. माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने भिंतींवरची चित्रे खराब होतात आणि म्हणूनच २०१४ पासून जवळ हुबेहूब प्रतिकृती करून ठेवली आहे, तेव्हा ती पाहून परतावे, असे दाजींचे म्हणणे. अजिंठ्यातही हाच प्रश्न आहे आणि तेथे आपण कसे वागतो याचा विचार करावा, असेही ते म्हणाले. अण्णांनी हे मान्य केले नाही; आपल्या हयातीत एकदा खऱ्या भिंतीसमोर उभे राहण्याचा हक्क आहे, असे ते म्हणत राहिले. तो वाद तेथेच राहिला.

दाजी : कैरोतल्या तुमच्या दिवसांत एक गोष्ट मी सुचवतो. रोडा बेटावर नाईलचे पाणी मोजण्याची विहीर आहे, ती यादीत नाही.

अण्णा : नाईलमापक? ती तर अरबी काळातली, इसवी सन ८६१ ची. मी प्राचीन तेवढेच धरले.

दाजी : मला ती सर्वांत आधी पाहायची आहे. मी तिचा आराखडा पाहिला आहे. दगडाने बांधलेली खोल विहीर, काठाने उतरणाऱ्या पायऱ्या, मधोमध आठ पैलूंचा संगमरवरी खांब आणि त्यावर हातांच्या खुणा. नदीशी जोडलेल्या भुयारांतून पाणी आत शिरे आणि खांबावर चढे. सोळा हातांवर आले की पीक चांगले. त्याहून कमी तर दुष्काळ, फार वर तर गावे बुडणार. आणि त्या खुणेवरून सारा ठरत असे. म्हणजे आपली आणेवारी! आपल्याकडे उभे पीक पाहून, भांडणे करून, पंचनाम्यावर पंचनामे करून जे ठरवावे लागते, ते तेथे एका खांबावर पाणी पाहून ठरे. रयतेच्या दृष्टीने हे बरे की वाईट, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे. पाणी सोळा हात आले पण ज्याच्या शेतापर्यंत पाटच पोचला नाही, त्याने सारा कोठून द्यायचा? त्या खांबाच्या खुणा मला स्वतः मोजायच्या आहेत.

अण्णा : मग अस्वानच्या एलेफंटाइन बेटावर याहून जुनी आहे, फेरोंच्या परंपरेतली, पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर खुणा कोरल्या आहेत. तीही घेऊ. आणि जुन्या संग्रहालयात मी तुम्हाला एक वस्तू दाखवीन. मेकेत्रे नावाच्या सरदाराच्या थडग्यातून निघालेला, चार हजार वर्षांपूर्वीचा लाकडी विणकरखाना. हातभर पेटी, तीत बाहुल्यांएवढ्या बायका. काही उभ्याने चातीवर सूत काततात, काही भिंतीतल्या खुंट्यांवर ताणा लावतात, काही जमिनीवर आडव्या घातलेल्या मागापाशी बसून विणतात. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विद्यार्थ्यांच्या घरी मी गेलो की अंगणात ताणा लावलेला असे आणि घरातल्या बायका त्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असत. मेकेत्रेच्या पेटीचे चित्र मी वर्गात दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली होती की, सर, या बाईने ताणा ढिला धरला आहे. मला ते खरे की खोटे हे कळले नाही. तेवढे पाहायचे आहे.

दाजी : तर मग यादी नव्याने लिहा. नाईलमापक पहिल्या सकाळी. नंतर मेरेरचे कागद कोणत्या संग्रहालयात मांडले आहेत त्याची चौकशी निघण्यापूर्वी करून ठेवा, तेथे जाऊन शोधाशोध नको. देर अल् मदीनाला अर्धा दिवस, तासभर नव्हे. कोम ओंबोला बोट थांबते तेवढ्या वेळात गावे होणार नाहीत, म्हणून अस्वानहून गाडी करून एक पूर्ण दिवस. अबू सिंबलला मी येईन, पण न्युबियाचे संग्रहालय आणि ती गावे झाल्यावर, आधी नाही. आणि दिवाळीपूर्वी एक रविवार तेरला जाऊ, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातल्या वस्तू आपल्या दोन्ही घरच्या मंडळींनी अजून पाहिलेल्या नाहीत.

अण्णा : म्हणजे येणार तर.

दाजी : तुमच्या बहिणीला विचारून सांगतो. तिला पाण्यावरचा प्रवास बाधतो, बोटीच्या रात्री ती नको म्हणेल आणि लक्सरहून अस्वानला सडकेनेच जाऊ म्हणेल. मग एडफू वाटेत कसे बसवायचे ते तुम्ही नकाशा घेऊन पाहून ठेवा.